गावात नैराश्य किती आणि किती खोल? शहापूर-मुरबाडकडून वारंवार येणारे प्रश्न

आशाताईंचं प्रशिक्षण असो, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य शिकणाऱ्या) मुलांचं सर्वेक्षण असो की ओट्यावरच्या गप्पा, गेली काही वर्षं मला फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ठाणे जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे घोडबंदरचे टॉवर उभे राहतात. पण लोकलने टिटवाळा, खडवली मागे टाकलं की वासिंद-आसनगावपासून पुढे जिल्ह्याचा दुसराच चेहरा सुरू होतो. हे प्रश्न बहुतेक तिकडचे, शहापूर-मुरबाड तालुक्यांतले आहेत. उत्तरं कामातून आलेली आहेत. ती डॉक्टरी सल्ल्याची जागा घेणार नाहीत.

आमच्याकडे कोणी 'डिप्रेशन' म्हणतच नाही. मग ते आहे हे ओळखायचं कसं?

डिप्रेशन हा शब्द डोंबिवलीत चालतो, डोळखांबला चालत नाही. तिथे माणूस म्हणतो, "कशात जीव लागत नाही." "अंगात कसच राहिला नाही." "डोकं भणभणतं." "छातीत धडधडतं." "लई इचार येतात, बंदच होत नाहीत." हे शेवटचं वाक्य तर जगभर ऐकू येतं. झिम्बाब्वेत शोना भाषेत त्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अती विचार करणं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव बाजूला ठेवलं, हाच शब्द उचलला आणि वस्तीतल्या आज्यांना बाकावर बसवून समुपदेशन सुरू केलं.

आपल्याकडे ही माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. फक्त तक्रार मनाची नसते. पाठ दुखते, हातापायांना मुंग्या येतात, अशक्तपणा वाटतो. दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात, नाहीतर खासगीत जाऊन "एक सलाईन लावा डॉक्टर" होतं. दर महिन्याला त्याच तक्रारीसाठी येणारी आणि तपासणीत काही न सापडणारी व्यक्ती दिसली, की तिला दोन प्रश्न जास्तीचे विचारायला हवेत. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड मात्र बघून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो.

दुःख आणि नैराश्य यात फरक काय? भात वाहून गेल्यावर माणूस हसेल का?

हसणार नाही, आणि त्याला आजारी म्हणायचंही कारण नाही. आजार म्हणायला डॉक्टर साधारण तीन गोष्टी बघतात. त्रास किमान दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ आणि जवळपास रोज असावा. नऊ लक्षणांपैकी निदान पाच असावीत, आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असलंच पाहिजे. तिसरं म्हणजे त्यामुळे रोजची कामं अडायला हवीत. भात वाहून गेलेला शेतकरी रडतो, पण नातू अंगावर उडी मारून आला की क्षणभर का होईना सावरतो. नैराश्यात तोही क्षण येत नाही. ही कसोटी पुस्तकी नाही, पण मला ती उपयोगी पडली आहे.

तीव्रता मोजतात कशी? मनाला काय वजनकाटा असतो?

वजनकाटा नाही, प्रश्नावली आहे. सगळ्यात जास्त वापरली जाते ती पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्की यांच्या गटाने ती तयार केली आणि तिचा मुख्य अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत उपलब्ध आहे, वापरायला परवानगी किंवा पैसे लागत नाहीत.

नऊ प्रश्न असतात: रस न वाटणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. मागच्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं ते विचारायचं. अजिबात नाही याला ०, काही दिवस याला १, अर्ध्याहून जास्त दिवस याला २, जवळजवळ रोज याला ३. बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र.

खाली एक दहावा प्रश्न असतो, त्याचे गुण धरत नाहीत. या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी वागणं किती अवघड झालं? गुण नाहीत म्हणून सर्वेक्षणवाली मुलं तो गाळतात. मी सांगतो, पहिला गाळला तर एकवेळ चालेल, हा गाळू नका. १२ गुण असलेली एक बाई रोज मोळी विकायला जाते. १२ च गुण असलेली दुसरी महिनाभर चुलीपाशी गेलेली नाही. बेरीज एकच असली तरी या दोघींचा आजार सारखा नाही.

नऊ कशाला? दोन प्रश्न विचारून भागत नाही का?

चाळणीपुरतं भागतं. पहिल्या दोन प्रश्नांनाच पीएचक्यू-२ म्हणतात. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो सीबॅक नावाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात हे दोन प्रश्न छापलेले आहेत. म्हणजे गावोगाव ही चाळणी कागदावर पोचलेलीच आहे. अडचण अशी, की त्याच फॉर्मवर कमरेचा घेर, तंबाखू, तोंडातले चट्टे असं बरंच असतं, आणि मनाचे प्रश्न शेवटाकडे. तिथे पोचेपर्यंत दोघींनाही घाई झालेली असते. मग "उदास वगैरे नाही ना वाटत?" असं विचारलं जातं आणि "नाय" असं उत्तर येतं. 'नाही ना' म्हणून विचारलेल्या प्रश्नाला कोणीही 'नाही'च म्हणेल.

प्रश्न मराठीतच आहेत, तरी बायका गोंधळतात. आमचं काय चुकतं?

याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण गावातला आकडा इथेच घडतो किंवा बिघडतो.

सातवा प्रश्न घ्या. वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का? कातकरी वाडीवर हा प्रश्न विचारून बघा. उत्तर येतं, "आमच्यात पेपर कुठं?" तुम्ही शून्य लिहिता आणि पुढे जाता. प्रत्यक्षात ती बाई तांदूळ निवडताना खडे सोडून देते, भाजीत दोनदा मीठ घालते, बाजारात पैसे मोजताना चुकते. प्रश्न तिच्या हातातल्या कामाला जोडून विचारला, तर उत्तर आपोआप येतं. अर्थात प्रत्येकाने मनाला येईल तसा प्रश्न बदलायचा नाही. शब्द आधी ठरवून घ्या, स्थानिक बाईकडून परत समजावून घ्या, मग सगळ्यांनी तेच शब्द वापरा. एकाच सर्वेक्षणात पाच जणांनी पाच तऱ्हांनी विचारलं, तर त्या बेरजांची तुलना कशी करणार?

चौथा प्रश्न थकव्याचा. जुलैत, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, सकाळपासून पाण्यात वाकून उभ्या असलेल्या बाईला "थकवा जाणवतो का?" विचारायला तोंड कसं होतं, हे मला पडलेलं कोडं आहे. ती 'रोज' म्हणणारच. तिथे विचारायचं असं: "दरवर्षीच्या आवणीत थकता तसंच, की यंदा अंग उचलतच नाही?" भुकेचंही तेच. पावसाळ्यात काम मिळेनासं होतं तेव्हा काही घरांत चूलच एकदा पेटते. कमी खाण्याचं कारण मन आहे की डबा रिकामा आहे, हे वेगळं करायला हवं. डबा रिकामा असेल तर तिथे गोळीपेक्षा रेशन कार्डाचं काम आधी करायचं.

आणखी एक अडचण, 'दोन आठवडे' ही. तारखेवर जगणाऱ्यांना ती मुदत सोपी वाटते. इथे मी आठवडी बाजाराचा आधार घेतो: "मागच्या दोन बाजारांपासून." कधी चौदा खडे किंवा चिंचोके समोर ठेवतो. "यातले किती दिवस असे गेले, तेवढे बाजूला काढा." हात आपोआप चालतो, आणि कधीकधी सगळेच चिंचोके एका बाजूला सरकतात. तेव्हा मी लगेच पुढचा प्रश्न विचारत नाही.

सासूबाई शेजारी बसून राहतात. सुनेला विचारणार कसं?

सासूबाईंसमोर घेतलेले गुण न घेतलेलेच बरे. दोघी जणींनी जा. एकीने सासूबाईंचा रक्तदाब तपासायला, गोळ्यांची पाकिटं बघायला पडवीत बसायचं. दुसरीने सुनेबरोबर विहिरीवर किंवा नळावर जायचं. पाणी भरता भरता नऊ प्रश्न होतात. आणि हो, सासूबाईंनाही विचारा. घरात मुलगा ऐकत नाही, सून बोलत नाही आणि गुडघे साथ देत नाहीत, अशा त्या एकट्याच तुमची वाट बघत बसलेल्या असू शकतात.

नववा प्रश्न विचारायची भीती वाटते. विचारल्याने डोक्यात नको ते आलं तर?

येत नाही. या विषयावर झालेला अभ्यास पुन्हापुन्हा हेच सांगतो, की मरणाचे विचार येतात का असं सरळ, शांतपणे विचारल्याने ते विचार नव्याने रुजत नाहीत. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. मात्र तोंड वळवून, कागदाकडे बघत विचारू नका.

उत्तर 'काही दिवस' असलं, म्हणजे एकच गुण मिळाला, तरी एकूण बेरीज काय ते बघत बसायचं नाही. बेरीज ६ असली तरी त्या दिवशी तो माणूस तुमचा पहिला. विचार येऊन जातो की काही ठरवलंय, हे विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सोबत बसवा. शेतीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या, गरज पडली तर १०८ बोलवा. फोनवर टेली मानस आहे, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

घरच्यांना आणखी एक भीती असते, पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आधी गृहीत धरायचं असतं, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात आलेलं नाही. "केस होईल" म्हणून दवाखान्याची वाट सोडू नका.

आमच्या सर्वेक्षणात शंभरात पंधरा जण निघाले. राष्ट्रीय सर्वेक्षण २.७ टक्के म्हणतं. खोटं कोण?

कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात निदानाला धरून सविस्तर मुलाखती होत्या. त्या वेळी नैराश्य असलेले २.७ टक्के आणि आयुष्यात कधीतरी होऊन गेलेले ५.२ टक्के प्रौढ सापडले. ते बारा राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा शहापूरला जसाच्या तसा चिकटवू नका.

तुमच्या मुलांनी वापरली ती चाळणी. चाळणीत काय होतं, ते हिशेबाने बघू. पीएचक्यू-९ च्या मूळ अभ्यासात १० ची रेघ धरली, तर खऱ्या आजारी माणसांपैकी ८८ टक्के सापडले आणि निरोग्यांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला काढले गेले. मानू या, हजार माणसांच्या गावात खरोखर ५० जणांना आजार आहे. त्यातले ४४ चाळणीत अडकतील. उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणही चुकून अडकतील. एकूण १५८. झाले की शंभरात पंधरा-सोळा! आणि त्यातले खरे आजारी फक्त ४४, म्हणजे चारातला एक, जरा जास्त.

म्हणून अहवालात "१६ टक्के ग्रामस्थ नैराश्यग्रस्त" असं लिहू नका. "१६ टक्के लोकांचे गुण १० किंवा जास्त आले, त्यांची पुढची तपासणी हवी" असं लिहा. ठळक बातमी होणार नाही, पण खरं तेवढंच आहे. बाकीचे ११४ जण 'चुकीचे' म्हणून सोडून देण्यासारखे असतात असंही नाही. कोणाच्या घरात दारू आहे, कोणाला कर्ज आहे, कोणी नुकतंच माणूस गमावलंय. त्यांना मानसोपचार नको असेल, पण कोणीतरी ऐकून घेणारं हवं असतं.

कोणाला भेटलात यावरही आकडा बदलतो का?

खूप. सकाळी अकरा वाजता वाडीवर गेलात तर भेटतात बायका, म्हातारे आणि कोंबड्या. पुरुष भिवंडीच्या गोदामात गेलेले. दिवाळीनंतर गेलात तर अख्खी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, ती परततात पावसाच्या तोंडावर. दारांना कुलपं दिसतात आणि यादीत 'घर बंद' असा शेरा पडतो. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण, नेमके तेच मोजणीतून गळतात. एक फेरी संध्याकाळी सातनंतर आणि एक भट्टीवर झाल्याशिवाय तुमचा आकडा पूर्ण होत नाही.

सार्वजनिक आरोग्यावरचा 'भार' म्हणतात तो नक्की काय? ओझं मोजायचं कशात?

वर्षांत. आजारामुळे अकाली मृत्यू होऊन गेलेली वर्षं अधिक आजारपणात, अर्ध्या ताकदीने काढलेली वर्षं. या बेरजेला इंग्रजीत आद्याक्षरांनी 'डॅली' म्हणतात. १९९० मध्ये भारताच्या एकूण डॅलींपैकी २.५ टक्के मानसिक आजारांमुळे होते, २०१७ मध्ये ४.७ टक्के. त्या मानसिक आजारांच्या वाट्यात सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे एक तृतीयांश, नैराश्याचा. त्या वर्षी देशात ४.५७ कोटी लोकांना नैराश्याचा आजार होता असा अंदाज आहे.

तीव्रता आणि भार यांची गाठ पडते ती इथे. जागतिक अभ्यासात प्रत्येक पायरीला एक वजन दिलेलं आहे: सौम्य नैराश्याला ०.१४५, मध्यमला ०.३९६, तीव्रला ०.६५८. म्हणजे तीव्र नैराश्यात काढलेलं एक वर्ष हे जवळजवळ दोन तृतीयांश गमावलेलं वर्ष.

आता मानलेलं एक गाव घ्या. ४० जणांना आजार, तोही वर्षभर: २६ सौम्य, ११ मध्यम, ३ तीव्र. गुणाकार केला तर सौम्य गटाचं नुकसान ३.८ वर्षं, मध्यमचं ४.४, तीव्रचं जवळपास २. एका वर्षात गावाची दहा वर्षं गेली. त्यात सगळ्यात मोठा वाटा मधल्या अकरा जणांचा! तीव्र त्रासातल्या तिघांना गाव ओळखतं, त्यांना कोणीतरी ठाण्याला नेतं. सौम्य त्रासातले बरेच जण हळूहळू सावरतात. मधले कामावर जातात, लग्नकार्याला येतात, हसतात, आणि कुठल्याच वहीत येत नाहीत. त्यांच्या त्रासाला गावात नावच नाही. तीव्रता मोजायचा सगळा खटाटोप मी करतो तो मुख्यतः या मधल्यांसाठी.

वर्षांच्या हिशेबात न बसणारंही बरंच असतं. क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटतात, साखरेचं औषध घ्यायचं राहतं, तान्ह्या बाळाच्या लसीची तारीख चुकते. वहीत नोंद होते क्षयाची किंवा मधुमेहाची.

गावची हवा चांगली, माणसं जोडलेली. मग नैराश्य शहरातच जास्त ना?

राष्ट्रीय सर्वेक्षणात महानगरांत प्रमाण जास्त आढळलं, हे खरं. पण वृद्धांचं चित्र उलटं आहे. २०१७-१८ च्या लासी या राष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठोस चिन्हं दिसली, ग्रामीण भागात शहरापेक्षा जास्त. आणि डॉक्टरांनी निदान केलेलं आहे असं सांगणारे होते फक्त ०.८ टक्के. दहातले नऊ जण कुणाला माहीतच नाहीत.

शिवाय 'गावची हवा' म्हणताना कुठलं गाव? भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, पैसे आले. काही घरांत ते टिकले, काही घरांत आधी गाडी आली, मग भांडणं, मग दारू. शेत गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला सकाळी उठून जायचं ठिकाणच उरत नाही. खात्यावर पैसे असूनही त्याचे गुण १५ आले, तर मला नवल वाटत नाही.

पुरुषांचे गुण कमी का येतात?

जगभर स्त्रियांमध्ये नैराश्य जवळपास दीडपट ते दुप्पट आढळतं, त्यामुळे काही फरक खरा आहे. काही मात्र लपलेला असतो. पुरुष "उदास वाटतं" म्हणत नाही, "डोकं फिरतं" म्हणतो, आणि दारू पितो. त्याला आधी दारूबद्दल विचारा, मग झोपेबद्दल, मग बाकीचं. २०२२ मध्ये देशात नोंद झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, राज्यांत सर्वाधिक. देशभरात मरणाऱ्यांत पुरुष मोठ्या संख्येने होते, आणि व्यवसायानुसार सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा. गुण कमी म्हणून पुरुष सुरक्षित, असं समजू नये.

हॅमिल्टन, बेक वगैरे दुसऱ्या मापपट्ट्या वापराव्यात का?

हॅमिल्टन (१९६०) डॉक्टरांनी भरायची, गावपातळीवर उपयोग नाही. बेकची (१९६१) २१ प्रश्नांची, वाचता येणाऱ्यांसाठी ठीक. बाळंतिणीसाठी एडिनबरो मापपट्टी (१९८७) जरूर वापरा. झोप आणि थकवा बाळंतपणात सगळ्यांचाच बिघडतो, म्हणून तिच्या दहा प्रश्नांचा भर मनावर आहे. वृद्धांसाठी पंधरा प्रश्नांची हो-नाही पद्धतीची पट्टी आहे, तीही सोपी. बाकी सगळ्यांना पीएचक्यू-९ पुरे.

गुण तर आले. आता पाठवायचं कुठे?

हा प्रश्न मोजणीच्या आधी विचारायचा असतो. पाठवायला जागा नसताना लोकांची मनं उघडून ठेवणं मला पटत नाही. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली. एका पाड्यावर दोन दिवसांत ढीगभर फॉर्म भरले, आणि तिसऱ्या दिवशी एका आजीने रस्त्यात अडवून विचारलं, "बाबा, ते लिहून नेलंस त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

५ ते ९ गुण असतील तर लगेच औषध नको. ऐकून घ्या, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भेटा. १० च्या पुढे असतील तर आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. १५ च्या पुढे, किंवा नवव्या प्रश्नाला होकार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग तुमच्या जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात कुठल्या दिवशी भरतो, हे आधी फोन करून विचारा आणि भिंतीवर लिहून ठेवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण 'ठाण्याला नेणं' या शब्दांनाच आपल्याकडे एक वेगळा वास आहे. शिवाय कसाऱ्याहून लोकलने जाऊन येण्यात दिवसाची मजुरी बुडते. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचं, मग पुढे. गोळी फुकट मिळूनही उपचार सुटतात ते या प्रवासामुळे.

म्हणून गावातच होणाऱ्या उपचारावर माझा भर आहे. गोव्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्य कमी करून दाखवलं. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडून दिलेली छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची, ही त्यातली मुख्य युक्ती. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांच्या 'विश्राम' कार्यक्रमाचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. ही गावं विदर्भातली, कापसाच्या पट्ट्यातली. आपला भाताचा आणि रोजंदारीचा पट्टा वेगळा आहे, पण आशाताई, ओटा आणि चहा दोन्हीकडे सारखेच.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि लोक दहाव्या दिवशी सोडतात, ही खरी अडचण. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात, आणि बंद करताना डॉक्टरांना विचारूनच हळूहळू. झोपेच्या गोळ्या हा वेगळा प्रकार आहे. त्यांची सवय लागू शकते.

घरचे आधी भगताकडे नेतात. अडवायचं का?

भांडू नका. भगत गावातलाच असतो, रात्री दोनलाही दार उघडतो आणि तासभर ऐकून घेतो. आपल्या केंद्रात तेवढा वेळ कोण देतं? "तिकडचं करा, पण गोळी चुकवू नका" एवढं ठरवून घ्या. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, साखळी असलं काही दिसलं तर मात्र समजूत घालत बसू नका, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

ग्रामपंचायतीला यादी द्यावी का?

आकडा द्या, यादी कधीच नाही. चाळीस घरांच्या पाड्यावर "तीव्र: १" एवढं फलकावर लिहिलं, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना नाव कळतं. छोट्या पाड्यांचे आकडे एकत्र करून उपकेंद्राच्या पातळीवरच सांगा. लग्नाच्या वयाच्या मुलीचा फॉर्म उघड्या पिशवीत हिंडवू नका.

पुन्हा कधी मोजायचं? आणि बरं झालं हे कशावरून म्हणायचं?

उपचार सुरू झाल्यावर साधारण महिन्याने, मग दर एक-दोन महिन्यांनी. पाच गुणांची घट झाली तर फरक पडतोय. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला. ५ च्या खाली आले तर लक्षणं ओसरली. महिन्या-दोन महिन्यांत काहीच हललं नाही, तर तीच गोळी रेटत न बसता डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

एकीचे गुण १७ होते. दोन महिन्यांनी ११ आले. कागदावर अजून 'मध्यम'च, म्हणून आशाताई हिरमुसली होती. मी दहावा प्रश्न विचारायला सांगितला. बाई म्हणाली, "सोमवारी भाजीची पाटी घेऊन गेले होते बाजारात. अर्धीच विकली." त्याआधी चार महिने तिने पाटी उचलली नव्हती.